कौशल्य लॅबचं, हिशेब डिलिव्हरीचा!

तुमच्यापैकी कुणी डीएमएलटी करत असाल, तर पहिली नोकरी लॅबमध्ये नव्हे, बाईकवर मिळू शकते. हॉस्पिटलच्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, म्हणजे ‘होम कलेक्शन’. कोविडनंतर शहरांत ही सेवा चांगलीच रुळली आहे.

सगळी गर्दी सकाळी. फास्टिंग शुगरसाठी किमान आठ तास पोट रिकामं लागतं, त्यामुळे जो तो सातची वेळ मागतो. रस्त्यावर धावपळ, पण घरात शिरल्यावर घाई चालत नाही. ट्यूबचा क्रम चुकला, तर जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पुढच्या ट्यूबमध्ये जातं आणि पोटॅशियमचा आकडा बिघडतो. त्याच आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात.

म्हणजे काम टेक्निशियनचं. पण व्हिजिटमागे पैसे मिळत असतील, तर हिशेब डिलिव्हरीवाल्याचा. याचा खरा फटका बसतो सुई टोचली तर. हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टी जवळ असते, सिनियर शेजारी असतो. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एकटेच! एचआयव्हीचा धोका असेल, तर प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. पण उरलेल्या व्हिजिट सोडल्या की त्या दिवसाचे पैसे बुडतात. मग ‘बघू नंतर’ म्हणायचा मोह होणारच.

कायदा काय म्हणतो? सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अॅग्रिगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची, अशी त्यात तरतूद आहे. या कंपन्यांच्या यादीत आरोग्यसेवाही आहे. पण तुम्ही अॅपचे, हॉस्पिटलचे की मधल्या कंत्राटदाराचे, हेच कागदावर नसेल तर दाद कुणाकडे मागणार?

म्हणून ऑफर आली की पगारासोबत हेही विचारा: नेमणूकपत्रावर सही कुणाची? सुई टोचली तर फोन कुणाला करायचा? उपचारांचा खर्च आणि त्या दिवसाचे पैसे कोण देणार? उत्तरं लेखी घ्या. आणि हेपटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. पहिली व्हिजिट तेवढी थांबणार नाही.