खिडकीचा पडदा आणि रुग्णाचा देश

रुग्णपरीक्षणात देशाचा विचार आवश्यक आहे, हे आपणांस कोणी सांगावयास नको. चरकसंहितेच्या विमानस्थानात देश या शब्दाने भूमी आणि आतुर अशी दोन्ही घेतली आहेत. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात आपली भूमिपरीक्षा बहुधा गावाच्या नावापाशीच थांबते. रुग्ण कोकणातला की विदर्भातला, एवढे केसपेपरवर लिहिले की आपण प्रकृतीकडे वळतो. हाच रुग्ण रोज आठ-दहा तास, आणि वृद्ध असेल तर जवळजवळ दिवसभर, ज्या खोलीत असतो ती कोरडी आहे की दमट, तिथे वारा खेळतो की नाही, सूर्य पोहोचतो की नाही, हे आपण विचारीत नाही. आमच्या मते ती खोली हीच रुग्णाची सर्वांत निकटची भूमी होय. आणि ती बदलण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे खिडकीवरील आच्छादन.

पडद्यांचा विषय गृहसजावटीचा, वैद्यकाच्या त्रैमासिकात त्याचे काय काम, असा आक्षेप काही वैद्यबंधू घेतील. त्यावर आमचे उत्तर साधे आहे. आपण प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी, सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावे’ असे छापतो. चूर्णाच्या डबीची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी ते चूर्ण घेणाऱ्याच्या खोलीची घेतो काय? आपल्या पूर्वाचार्यांना हा विषय परका नव्हता. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना ते अंधारे नसावे, झोताचा वारा थेट अंगावर न यावा, तरी एका बाजूने हवा खेळती असावी, असे सांगितले आहे. प्रकाश हवा पण झळ नको, हवा हवी पण झोत नको. खिडकीच्या आच्छादनाकडून आपली अपेक्षा याहून वेगळी ती काय?

आता व्यवहार पाहू. दिवाळीच्या किंवा लग्नकार्याच्या तोंडावर पडदे घेतले जातात. दिवाणखान्यातील सोफ्याचा रंग ठरलेला असतो. त्याला साजेसे एकच जाड कापड साऱ्या घरासाठी येते. चार दिशांच्या चार खिडक्यांना एकच पडदा लागतो. सर्व रुग्णांस एकच काढा देणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. पडदा खोलीगणिक नव्हे, खिडकीगणिक निवडावा, हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम दिशा. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे कोवळे ऊन येते. तिथे पातळ सुती पडदा पुरेसा असतो. उत्तरेच्या खिडकीतून महाराष्ट्रात थेट ऊन फारसे येत नाही, आणि आला तर स्थिर उजेड येतो. तो जाड कापडाने अडविण्याचे कारण नाही. दक्षिणेचे ऊन पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यान्ही सुमारे 48 अंशांवरून तिरपे आत येते, तर ऐन उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ माथ्यावर असल्याने साधा छज्जाही ते अडवितो. म्हणजे दक्षिणेची खिडकी हेमंत-शिशिरात उघडी ठेवण्याजोगी आहे. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून थेट खोलीत शिरते.

पश्चिमेच्या खिडकीसाठी लोक जाड पडदा घेतात आणि तरीही खोली तापते अशी तक्रार करतात. कारण उघड आहे. आतला पडदा ऊन अडवितो ते काच ओलांडून आल्यानंतर. उष्णतेचा मोठा भाग तोवर घरात आलेला असतो. बाहेरच्या बाजूस लावलेली बांबूची चिक ऊन काचेपर्यंतच येऊ देत नाही, म्हणून ती अधिक उपयोगी. बाहेर काही लावणे सोसायटीच्या नियमांमुळे शक्य नसेल, तर पडद्याला काचेच्या बाजूने पांढरे अस्तर लावावे. ते काही उष्णता काचेतून परत फेकते.

येथे उशीराचा, म्हणजे वाळ्याचा, उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. वाळ्याचे ओले पडदे हा वैशाखातील उत्तम उपाय. पण तो जांगल देशाचा. कोरड्या हवेत पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, म्हणून नागपूर, अकोला, जालना येथे तो लाभतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील दमट हवेत बाष्पीभवनच मंद होते. तिथे ओला पडदा गारवा देत नाही, ओल मात्र वाढवितो. आनूप देशात कफवाताच्या रुग्णाच्या उशाशी ओला वाळा टांगणे हा देशविरुद्ध उपचार होय. औषधालयचालकांकडे उन्हाळ्यात वाळ्याची मागणी येते. तो देताना हा भेद सांगावा, आणि पडदा रोज पूर्ण वाळू द्यावा, अन्यथा बुरशी धरते, हेही सांगावे.

ओलीवरून धुळीकडे येऊ. प्रतिश्याय व तमकश्वासाच्या रुग्णास आपण दही वर्ज्य करतो, दिवास्वाप वर्ज्य करतो. त्याच्या डोक्याशी असलेला मखमली, चुणीदार पडदा मात्र वर्षानुवर्षे न धुता लटकत राहतो. जाड कापड धूळ धरते, आणि दमट हवेत धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात. अशा रुग्णाच्या खोलीत साधा, हलका, सहज काढता येणारा सुती पडदा असावा. सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुतल्यास हे कीटक मरतात. तेव्हा हे पाणी सोसेल असेच कापड घ्यावे. वर्षा ऋतूत भिंतीला चिकटून राहणारे जमिनीपर्यंतचे पडदे टाळावेत. डासांची जाळी पडद्याहूनही आधी हवी, कारण डेंग्यू पसरविणारा डास मुख्यतः दिवसा चावतो, आणि दिवसा खिडकी तर उघडी ठेवावयाची आहे.

निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक. रात्रीचा प्रकाश शरीरातील मेलाटोनिन या निद्रेशी निगडित स्रावाला अटकाव करतो, हे आता सर्वमान्य आहे. शरीरातील दिनरात्रीच्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. रस्त्यावरचा दिवा खिडकीतून थेट बिछान्यावर पडत असेल, तर अनिद्रेच्या रुग्णास औषधासोबत अपारदर्शक पडदाही सांगावा. मात्र तो सकाळी सरकविलाच पाहिजे. रात्रपाळी करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात, आणि त्यांच्यासाठी दिवसाचा अंधार हे पथ्यच.

सर्वांत अधिक चिंता वाटते ती वृद्धांची. वातानुकूलन चालू, रस्त्याची धूळ नको, शेजारच्या इमारतीतून दिसते. अशा कारणांनी आजी-आजोबांच्या खोलीचा पडदा रात्रंदिवस बंद राहतो. दिवस कळत नाही म्हणून ते दिवसा पेंगतात, रात्री जागतात, आणि मग झोपेच्या औषधासाठी मुले आपल्याकडे येतात. दिवसभराचा अंधार न हटविता दिलेले औषध म्हणजे निदानपरिवर्जनावाचून केलेली चिकित्सा. आडोसाच हवा असेल तर खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागास पातळ पडदा लावावा, वरचा भाग मोकळा ठेवावा. काचेआडचे ऊन अंगावर घेतले की ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, ही समजूत चुकीची आहे. त्यासाठी लागणारे अतिनील किरण साध्या काचेतून येत नाहीत. पडद्यासोबत खिडकीही उघडावी, आणि चालता येत असेल तर त्यांना अंगणात किंवा गच्चीवर न्यावे.

लहान मुलांच्या घरात आणखी एक सावधगिरी हवी. ब्लाइंडची लोंबती दोरी बालकाच्या गळ्याला फास ठरू शकते. अशा मृत्यूंमुळेच अमेरिकेत 2018 च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड दोरीविना किंवा दोरी हाती न लागेल असे करण्याचे मानक लागू झाले. ऊन-उष्णतेने झिजणाऱ्या काही आयात प्लास्टिक ब्लाइंडवर शिशाची धूळ साचते, असा इशारा तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्येच दिला होता. पाळणा किंवा पलंग खिडकीपासून दूर ठेवावा. दोरीचे ब्लाइंड अशा घरात घेऊच नयेत.

यासाठी नवा ग्रंथ नको, नवे उपकरण नको. केसपेपरवर तीन प्रश्न वाढवावेत: रुग्ण झोपतो त्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे? तिचा पडदा दिवसा उघडतो काय? तो शेवटचा केव्हा धुतला? उत्तरे मिळण्यास एक मिनिट पुरते, आणि पथ्याच्या कागदावर आहारविहाराखाली एक ओळ वाढते. निदान रुग्णाने पुढच्या दिवाळीला कापड पसंत करताना सोफ्याच्या रंगाआधी खिडकीची दिशा पाहिली, तरी आपले सांगणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.