घरचा कूलर आणि आपले हात

वऱ्हाडांत पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री मिळेनासा होतो, आणि त्याची वाट पाहण्यांत सारें घर तापून निघतें. आमच्या मतें हें परावलंबन बहुतांशीं अनावश्यक आहे.

कूलरची विद्या कांहीं गहन नाहीं. पंप पाणी वर चढवितो, तें ताट्यांतून झिरपतें, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून ओढतो आणि पाण्याची वाफ होतांना हवेंतील उष्णता शोषली जाते. अकोला-अमरावतीकडील पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत पाण्यांतील क्षार ताट्यांवर व पंपावर थर धरतात. मग कूलर बिघडला असें आपण म्हणतों. ताट्या बदलणें, टांकी घासणें, पंपाची जाळी साफ करणें हीं कामें शाळेंतील मुलामुलींस सहज साधण्याजोगीं आहेत.

तथापि हौसेस मर्यादा हवी. कूलरमध्यें पाणी भरतांना विजेचा धक्का बसून मृत्यु आल्याच्या दुःखद वार्ता विदर्भांत उन्हाळ्यांत कानीं येतात. म्हणून केवळ बटण बंद करून भागत नाहीं. हात लावण्यापूर्वीं पिन काढलीच पाहिजे. अर्थिंग व तारांचे जोड हें काम जाणत्या वायरमनचेंच होय. ३० मिलिअँपिअर गळती होतांच वीज तोडणारें साधन घरीं बसवावें, ही पालकांस आमची विनंती.

मार्च महिन्यांतच पालकांनीं मुलांस जवळ बसवून कूलर उघडावा. आपण काय करावें व कोठें थांबावें, हें दोन्ही त्यांस तेथेंच शिकतां येईल.