उमेदवारीचे अखेरचे दिवस

ऑगस्ट महिना सरत आला की अमेरिकेतील बेसबॉलच्या शौकिनाचे वाचन दोन भागांत विभागले जाते. आपला संघ काल जिंकला की हरला, हे तो प्रथम पाहतो. ते तर कोणीही पाहील. खरा दर्दी त्यानंतर बारीक टाइपातल्या मजकुराकडे वळतो. ज्या गावांची नावे त्याच्या कानावर एरवी कधी पडलीही नसती, अशा गावांतील सामन्यांचे आकडे तेथे दिलेले असतात. पूर्वी ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोधावे लागत, आता फोनच्या पडद्यावर दिसतात, एवढाच काय तो फरक. तेथे वीस-बावीस वर्षांची मुले खेळत असतात. तीन-चार वर्षांनी यांतलाच एखादा आपल्या संघाचा आधारस्तंभ होईल, या आशेने तो एकेका नावापुढील आकडे पुन्हापुन्हा वाचत बसतो. वाचकहो, या वाचनाविषयीच आज थोडे सांगावयाचे आहे. कारण ते दिसते तितके सोपे नाही, आणि त्यात भलेभले क्लबसुद्धा फसलेले आहेत.

आपल्याकडेही रणजी सामन्यांचे धावफलक चाळून उद्याचा कसोटीवीर हुडकणारे रसिक पुष्कळ आहेत. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. रणजीतला संघ स्वतःसाठी खेळतो. करंडक त्याचा आणि अभिमानही त्याचाच. अमेरिकेतील ‘मायनर लीग’चा संघ गावाचे नाव लावतो, गावकरी तिकिटे काढून मुलाबाळांसह सामन्याला येतात, परंतु खेळाडू नोकरीला असतात ते दूरच्या महानगरातील मोठ्या क्लबच्या. ही व्यवस्था प्रामुख्याने उभी केली ती सेंट लुइस कार्डिनल्स या क्लबचे चालक ब्रँच रिकी यांनी, १९२० नंतरच्या वर्षांत. तयार खेळाडू विकत घेण्याइतका पैसा गाठीशी नव्हता; तेव्हा लहान संघ ताब्यात घेऊन खेळाडूंची पैदास आपणच करावी, असे त्यांनी ठरवले. तिकडे या व्यवस्थेला ‘फार्म’, म्हणजे सरळ शेतीच, म्हणतात. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या या शेतीत ३० हून अधिक संघ होते.

आज मोठे क्लब ३० आहेत, आणि प्रत्येकाच्या हाताखाली उतरंडीसारखे चार संघ असतात. तळाशी सिंगल ए, त्यावर हाय ए, मग डबल ए, आणि सर्वांत वर ट्रिपल ए. असे एकंदर १२० संघ झाले. २०२१ च्या फेररचनेपूर्वी ते १६० होते. याचा अर्थ, चाळीस गावांचा महानगराशी असलेला धागा एका फटक्यात तुटला. या उतरंडीच्याही खाली फ्लॉरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात अगदी नवशिक्यांचे वर्ग भरतात.

हंगामाच्या अखेरीस या गावांत काय घडते, ते पाहण्यासारखे असते. महाविद्यालयात वर्षाकाठी साठेक सामने खेळणारा मुलगा येथे एप्रिलपासून आठवड्याचे सहा दिवस मैदानात उतरतो. डबल ए दर्जाच्या संघाला १३८ सामने खेळावे लागतात आणि ट्रिपल एला १५०. बसचे प्रवास, उकाडा आणि अपुरी झोप यांनी ऑगस्टअखेर हातातील बॅट जड होते, आणि मे महिन्यात चौफेर फटकेबाजी करणाऱ्याचे आकडे हळूहळू घसरू लागतात. फलंदाजाकडे चेंडू फेकणारा तो पिचर. तरुण पिचरने हंगामात किती डाव टाकावयाचे याचा हिशेब मोठ्या क्लबने आधीच मांडलेला असतो. तो भरला की, हात कितीही शिवशिवत असला तरी, मुलाला बसवून ठेवतात. भरीस भर म्हणून, गावचा संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर असताना त्यातला सर्वांत चांगला खेळाडू नेमका वरच्या पायरीवर उचलला जातो. गावाने त्याच्या नावाच्या पाट्या रंगवलेल्या असतात. आणि तो मात्र पहाटेच्या विमानाने निघून गेलेला असतो. मला स्वतःला या रचनेतली ही गोष्ट कधीच रुचली नाही. परंतु त्या मुलाला विचाराल तर त्याचे उत्तर निराळे येईल.

ते का, हे दोन आकड्यांवरून कळेल. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा प्रथमच सामुदायिक वेतनकरार झाला. त्याअन्वये ट्रिपल एमधील किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरले. आधीची स्थिती याहून पुष्कळच वाईट होती. मोठ्या लीगमध्ये मात्र २०२४ साली किमान वेतन ७,४०,००० डॉलर होते. म्हणजे तेथे काढलेल्या एकेका दिवसाचे जवळजवळ चार हजार डॉलर पडतात. १ सप्टेंबरला हा दरवाजा थोडा किलकिला होतो. त्या दिवसापासून मोठ्या संघाला २६ ऐवजी २८ खेळाडू बाळगता येतात. २०१९ पर्यंत ही मर्यादा चाळीस होती, त्यामुळे बोलावणे येण्याची आशा पुष्कळांना धरता येई. आता सर्वसाधारणपणे दोघांनाच बोलावणे येते.

तथापि २०१८ पर्यंत ऑगस्टअखेरीचे खरे नाट्य निराळेच असे. मोठा संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत असे, त्याला एखाद्या अनुभवी खेळाडूची तातडीची निकड असे, आणि ज्याच्यापाशी तो खेळाडू आहे असा क्लब मोबदल्यात पैसा मागत नसे, तर एखादा होतकरू मुलगा मागे. मग या बारीक टाइपातल्या आकड्यांना एकाएकी बाजारभाव येई.

बॉस्टनच्या रेड सॉक्स क्लबची १९९० ची गोष्ट घ्या. कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन या गावी त्यांचा डबल ए दर्जाचा संघ खेळत असे. त्या संघात जेफ बॅगवेल नावाचा बावीस वर्षांचा मुलगा तिसऱ्या बेसवर उभा राही. त्याचा जन्म बॉस्टनचा आणि त्याच्या विद्यापीठाचे गाव न्यू ब्रिटनला अगदी लागून. लहानपणापासून तो याच संघाचा भक्त. त्या वर्षी त्याने दर हजारी ३३३ या प्रमाणात यशस्वी फटके मारले; म्हणजे तीन प्रयत्नांत एक, आणि बेसबॉलमध्ये हे प्रमाण उत्तम समजतात. परंतु त्याच्या नावापुढे एक आकडा खटकत होता. चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार धाडणारे ‘होमरन’ त्याने सबंध हंगामात अवघे चार मारले होते.

बॉस्टनचा संघ तेव्हा आपल्या गटात आघाडीवर होता आणि टोरांटोचा संघ त्याच्या पाठीशी लागला होता. डावाच्या उत्तरार्धात येऊन सामना सावरील असा पिचर बॉस्टनला हवा होता. असा एक पिचर ह्यूस्टनच्या क्लबकडे होता: सदतीस वर्षांचा लॅरी अँडरसन. अखेरच्या स्पर्धेत ज्याला खेळवायचे तो ऑगस्ट संपण्यापूर्वी क्लबात दाखल झालेला असावा लागे. ३० ऑगस्टला सौदा झाला. अँडरसन बॉस्टनला आला, बॅगवेल ह्यूस्टनला गेला.

पुढची हकीकत अमेरिकेत शाळकरी मुलांनाही पाठ आहे. अँडरसनने बॉस्टनसाठी २२ डाव टाकले आणि चांगले टाकले. बॉस्टनने टोरांटोला दोन सामन्यांनी मागे टाकून गट जिंकला, पुढच्या फेरीत ओकलंडने त्यांना ४-० असे धुऊन काढले, आणि हंगाम संपताच अँडरसन मुक्त होऊन सॅन डिएगोच्या संघात गेला. ह्यूस्टनने बॅगवेलला पहिल्या बेसवर उभे केले. १९९१ मध्ये तो आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवागत ठरला, १९९४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू. पंधरा हंगाम तो त्याच एका संघाकडून खेळला, आणि चारच होमरन मारणाऱ्या त्या मुलाच्या नावावर अखेरीस ४४९ होमरन जमा झाले. २०१७ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला.

असाच प्रकार तीन वर्षांपूर्वी डेट्रॉइटच्या हातून घडला होता. १९८७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी डॉइल अलेक्झांडर या जुन्याजाणत्या पिचरसाठी जॉन स्मोल्ट्झ हा वीस वर्षांचा मुलगा अटलांटाला देऊन टाकला. डबल एमध्ये स्मोल्ट्झच्या नावे त्या वर्षी चार विजय आणि दहा पराभव होते. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने गट जिंकला. योगायोग असा की येथेही दुसरा क्रमांक टोरांटोचाच होता आणि अंतरही दोनच सामन्यांचे. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय मिळवले, १५४ सामने अखेरीस येऊन राखले, आणि २०१५ मध्ये तोही कीर्तिमंदिरात गेला.

हे व्यवहार शुद्ध मूर्खपणाचे होते, असे म्हणण्याची तिकडे रीत आहे. मला तसे वाटत नाही. अलेक्झांडर नसता तर डेट्रॉइटच्या लोकांना तो सप्टेंबर लाभलाच नसता. आणि देऊन टाकलेल्या शंभर मुलांपैकी नव्वदांची नावे पुढे कोणाला आठवतही नाहीत. चूक झाली ती वाचण्यात. चार होमरन पाहणाऱ्याने त्या मैदानाकडे पाहिले नाही. न्यू ब्रिटनच्या मैदानाबाहेर चेंडू घालवणे भल्याभल्यांना कठीण जाई. त्याच बॅगवेलने कुंपणापर्यंत पोचणारे, दोन बेस मिळवून देणारे फटके तीसहून अधिक मारले होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्यावसायिक खेळाचे ते त्याचे पहिलेच पूर्ण वर्ष होते. स्मोल्ट्झचे दहा पराभव मोजणाऱ्याने, तो आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या गड्यांपुढे उभा आहे, हे मोजले नाही. म्हणून अनुभवी वाचक आकड्यांच्या तक्त्यात प्रथम वयाचा रकाना पाहतो, मग पायरी, मग मैदान, आणि त्यानंतर फटके व विजय. ऑगस्टमधील घसरणीने तो घाबरत नाही, आणि वरच्या पायरीवर गेल्यावरच्या पहिल्या आठ दिवसांतल्या पराक्रमाने हुरळतही नाही.

वयाचा रकाना दुसऱ्या बाजूनेही बोलतो, आणि तेथे आपल्या देशाचा संबंध येतो. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडूफेकीची एक स्पर्धा भरवण्यात आली होती. तीतून वाराणसी परिसरातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे तरुण निवडले गेले. दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनी कधी खेळलेला नव्हता. काही महिने अमेरिकेत शिक्षण घेतल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने त्यांना करारबद्ध केले. अमेरिकन बेसबॉल क्लबच्या नोकरीत गेलेले हे पहिले भारतीय. २०१४ मध्ये निघालेला ‘मिलियन डॉलर आर्म’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे, परंतु उमेदवारीची खडतर वर्षे त्या कथेनंतरची आहेत.

जुलै २००९ मध्ये फ्लॉरिडातील नवशिक्यांच्या लीगमध्ये दोघे मैदानात उतरले. दिनेशला २०१० च्या डिसेंबरात क्लबने मोकळे केले. डावखुरा रिंकू टिकून राहिला आणि २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स्टन गावच्या सिंगल ए संघापर्यंत चढला. २०१२ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे आकडे असे होते: ७२ डाव, ६५ फलंदाज स्ट्राइक-आउट, म्हणजे चेंडू बॅटला नीट लागू न देता बाद, आणि दर नऊ डावांमागे अवघ्या तीन धावा. कोणत्याही होतकरू पिचरने अभिमानाने घरी कळवावेत असेच हे आकडे. परंतु त्या ऑगस्टमध्ये त्याला चोविसावे वर्ष पुरे झाले होते, आणि त्याच्यासमोर बॅट घेऊन उभी राहणारी बहुतेक मुले एकवीस-बावीसची होती. क्लबच्या दृष्टीने तो मागे पडलेला होता. रकान्यात न छापलेली गोष्ट अशी की, विसाव्या वर्षापर्यंत ज्याने बेसबॉलचा चेंडू हाती धरला नव्हता, त्याची ही जेमतेम चौथी साल होती. समोरचा फलंदाज सातव्या वर्षापासून खेळत आलेला होता. हे ध्यानात घेऊन त्याचा ७२ डावांचा हिशेब कसा वाचावयाचा, याचे उत्तर मजजवळ तयार नाही. पुढचा हंगामच त्याचा निकाल लावणार होता.

तो हंगाम त्याच्या वाट्याला आला नाही. २०१३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली आणि ते सबंध वर्ष फुकट गेले. नंतरची वर्षे पुन्हा हात सुधारण्यातच गेली. २०१८ मध्ये त्याने बेसबॉल सोडला आणि अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात नाव नोंदवले. चार्ल्स्टनच्या त्या संघाने २०१२ मध्ये टाकलेल्या चेंडूंचे तक्ते आजही कोणालाही पाहावयास मिळतात. त्यात रिंकूची ओळ आहे, आणि तिच्यात वयाचा रकाना नावाला अगदी लागून आहे.