ट्रॅक्टरचा टायर स्वस्त झाला. पण योग्य टायर कोणता?

ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. झिजलेले टायर 'अजून एक हंगाम' म्हणत ओढणाऱ्या शेतकऱ्यांना त्यामुळे दिलासा मिळाला. मात्र दुकानात चर्चा होते ती किंमत आणि गॅरंटीची. हा टायर कोणत्या जमिनीत, कोणत्या कामासाठी फिरणार, हा प्रश्न मागेच राहतो. डिझेल किती जळणार आणि जमीन किती दबणार, हे मात्र त्याच उत्तरावर ठरते.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

मागच्या टायरवर '१३.६-२८' असे लिहिलेले असते. १३.६ ही टायरची इंचातील रुंदी आणि २८ हा रिमचा इंचातील व्यास. दोन्ही आकड्यांमध्ये नुसती आडवी रेघ असेल तर टायर साध्या, म्हणजे बायस बांधणीचा. 'आर' हे अक्षर असेल तर रेडियल. पुढे '१२ पीआर' असे काही दिसते. ही 'प्लाय रेटिंग', म्हणजे भार पेलण्याच्या क्षमतेची खूण. आत तेवढे थर असतातच असे नाही. चार अंकी शिक्का उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतो. '२३२४' म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. गोदामात पडून राहिलेला जुना माल ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

आर-१ की आर-२?

टायरवरच्या उभट रबरी पट्ट्यांची खोली या खुणेवरून कळते. आर-१ हा नांगरट, पेरणी, रोटाव्हेटर अशा कोरडवाहू आणि सर्वसाधारण कामांचा टायर. आर-२ चे पट्टे त्याच्या जवळपास दुप्पट खोल असतात. कोकणात किंवा भंडारा-गोंदियात भाताची चिखलणी करायची असेल, तर त्याला पर्याय नाही. पण हाच टायर डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागून ट्रॉली ओढू लागला, की खोल पट्टे भराभर आणि वेडेवाकडे झिजतात. 'खोल पट्टे म्हणजे चांगली पकड' हा समज चिखलात खरा ठरतो, रस्त्यावर महागात पडतो.

रेडियलला जादा पैसे द्यावेत का?

रेडियल टायरची बाजू लवचीक असते. त्यामुळे तो जमिनीवर अधिक पसरतो, भार विभागला जातो आणि चाक कमी घसरते. ज्याचा ट्रॅक्टर वर्षातील बहुतेक तास नांगरटीत जातो, त्याला जादा किंमत परवडू शकते. दगड-काट्यांच्या रानात मात्र जाड बाजूचा बायस टायर सोयीचा पडतो. मुख्य काम वाहतुकीचे असेल, तर फक्त शेतातील फायद्यासाठी रेडियल घेण्यात अर्थ नाही.

चाक जास्त घसरते, हे कसे ओळखावे?

नांगर जमिनीत असताना चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर कापतो, ते मोजावे. मग नांगर उचलून पुन्हा १० फेऱ्या मोजाव्यात. मोकळा ट्रॅक्टर ४० मीटर आणि नांगरासह ३४ मीटर गेला, तर घसरण १५ टक्के. साधारण ८ ते १५ टक्के घसरण चालते. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि रबर दोन्ही वाया जातात. अशा वेळी टायरमध्ये पाणी भरून किंवा लोखंडी वजन लावून भार वाढवता येतो. घसरण अगदीच कमी असेल, तर विनाकारण वजन वाहिले जात आहे, असे समजावे.

काळ्या जमिनीचा धोका कोणता?

काळी चिकण जमीन पाणी पिऊन फुगते आणि ओली असताना सहज दबते. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घातला, तर सर्वाधिक दाब पहिल्याच फेरीत बसतो. वरचा थर किती दबेल, हे बहुतांशी टायरमधील हवेवर अवलंबून असते. खोलवर किती दबेल, हे धुऱ्यावरील वजनावर. खाली कडक थर तयार झाला की कापूस आणि तुरीची मुळे अडतात आणि पाणी मुरत नाही. हे नुकसान बिलात दिसत नाही, पण उत्पादनात दिसते.

मग सर्वांत स्वस्त उपाय कोणता?

हवा. एकच ट्रॅक्टर हिवाळ्यात ऊस ओढतो आणि उन्हाळ्यात नांगरट करतो. रस्त्यावरील भारासाठी भरलेली जादा हवा तशीच ठेवून तो शेतात उतरतो. टायर टणक राहतो, कमी जागेवर टेकतो, जास्त घसरतो आणि जमीन अधिक दाबतो. शेतकामासाठी हवा कमी आणि भाराच्या वाहतुकीसाठी जास्त, हा साधा नियम आहे; नेमका आकडा कंपनीच्या भार-दाब तक्त्यात असतो. त्याखाली उतरणेही चुकीचे, कारण रिमवर टायर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू शकतो.

हा तक्ता किती विक्रेते बिलासोबत हातात देतात, हा खरा प्रश्न आहे. कर कमी होऊन वाचलेल्या पैशांत हवा मोजण्याचे साधे गेज सहज येते. कंपन्यांनी मराठीतील तक्ता द्यावा आणि ग्राहकाने तो मागून घ्यावा. टायर बसवताना बाजूवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेने आहे ना, हेही पाहावे. उलटा बसवलेला टायर चिखल झटकत नाही. नव्या टायरची निवड एकदाच होते, हवा मात्र प्रत्येक कामाआधी तपासावी लागते.