रॅम महागली, बजेट आटलं : शेतवस्तीवर पीसी बसवायचा तर कसा?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. "दादा, रॅम कामून एवढी महाग झाली? दिवाळीच्या आधी जी यादी केली होती ना, तीच आज कार्टमध्ये टाकली तर अर्ध्या वस्तू काढाव्या लागतेत."

तो माजलगाव तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर राहतो. पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, कॉम्प्युटर शाखा. आजवरचं सगळं कोडिंग फोनवर केलंय, साडेसहा इंचाच्या स्क्रीनवर. त्याला पीसी हवाय. घरी सांगायला प्रोजेक्टसाठी, मला सांगायला गेमिंगसाठी, आणि खरं सांगायचं तर दोन्हीसाठी. मामांनी कापूस विकून चाळीस हजार देतो म्हणून शब्द दिला होता. मग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आली, सिंदफणेला पूर आला, कापसाची बोंडं झाडावरच सडली. चाळीसचे पंचवीस झाले. आणि पैसे हातात येईपर्यंत तिकडे रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले. जी १६ जीबीची डीडीआर४ पट्टी मी वर्षभरापूर्वी तीन हजारांच्या आसपास घेतली होती, ती आता त्या भावात ८ जीबीचीसुद्धा मिळेना.

माजलगावच्या पोराच्या कार्टमध्ये हा गोंधळ कुणी घातला? उत्तर एका शब्दात : एआय. पण ते नेमकं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण हीच गोष्ट तुमच्या पुढच्या फोनच्या किमतीतही दिसणार आहे.

जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. पीसीची रॅम, फोनमधली एलपीडीडीआर रॅम आणि एआयच्या सर्व्हरमधली एचबीएम, या सगळ्यांची सुरुवात सिलिकॉनच्या गोल चकतीपासून, म्हणजे वेफरपासून होते. कारखाने ठरावीक, वेफर ठरावीक. एचबीएममध्ये मेमरीचे थर एकावर एक रचतात, त्यामुळे तेवढ्याच जीबीसाठी डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर लागतं. पण नफाही भरपूर. मग कारखानदार काय करणार? आपल्याकडचा शेतकरी ज्या पिकाला भाव आहे तेच पेरतो, तसंच. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचं लक्ष्य जाहीर झालं. ३ डिसेंबरला मायक्रॉनने सांगितलं की 'क्रूशिअल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं फेब्रुवारी २०२६ नंतर बंद. घरी पीसी जोडणाऱ्या आपल्यासारख्यांना क्रूशिअलची पट्टी म्हणजे डोळे झाकून घ्यायची वस्तू होती. जुनी डीडीआर४ तर या कंपन्या आधीपासूनच कमी करत होत्या, म्हणजे 'नवी महाग तर जुनी घेऊ' हा मार्गही अर्धा बंद.

कुणी म्हणेल, गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे की. आहे, पण तिथे वेफर तयार होत नाही. बाहेरून आलेल्या चिपची जुळणी आणि तपासणी होते. त्यामुळे त्याच्या भरवशावर भाव उतरतील अशी आशा नको.

मग भावाचा दुसरा प्रश्न : पीसी घेण्यापेक्षा भाड्यानेच का वापरू नये? पर्याय आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड गेमिंग सेवा भारतात सुरू झाली, त्याआधी जुलैमध्ये जिओने टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर चालणारा क्लाउड कॉम्प्युटर आणला. पुण्यात फायबरवर बसून मला हे आवडतं. पण वस्तीवर फायबर नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट आहे, आणि लाइट गेली की काही वेळाने टॉवरचीही रेंज डुगडुगते. शिवाय मला एक गोष्ट खटकते. डेटा सेंटरवाल्यांनी रॅम उचलली म्हणून आपल्याला कॉम्प्युटर परवडेना, आणि आता त्याच डेटा सेंटरमधला कॉम्प्युटर महिन्याच्या भाड्याने घ्या म्हणे. विहीर त्यांची, मोटार त्यांची, आपण फक्त पाणीपट्टी भरायची. शिकणाऱ्या पोराकडे स्वतःचं, उघडून बघता येईल, बिघडवता येईल असं मशीन असावं, या मताचा मी आहे.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. यूट्यूबवरच्या पीसी बिल्डच्या व्हिडिओत ग्राफिक्स कार्डवर वीस मिनिटं बोलतात आणि विजेवर एक वाक्य. बीडमध्ये हे उलटं पाहिजे. गंमत बघा, परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, २५० मेगावॉटचे तीन संच. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवायची वेळ आली होती. (एआयच्या डेटा सेंटरनाही वीज आणि पाणी दोन्ही लागतं, हे जाता जाता.) पण वीज केंद्र जिल्ह्यात असलं म्हणून वस्तीवर लाइट चांगली असेलच असं नाही. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. मामांचं घर शेतात, म्हणून लाइट शेतीच्या लाइनवरची. थ्री फेज यायची वेळ झाली की परिसरातल्या सगळ्या मोटारी ऑटो स्विचमुळे एकदम चालू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, डीपीवर ताण येतो आणि घरातला बल्ब काजव्यासारखा होतो. २३० व्होल्टच्या जागी मिळेल ते. त्या क्षणी एसएसडीवर काही लिहिलं जात असेल तर फाइल गेलीच, कधी आख्खी विंडोजसुद्धा.

म्हणून मी त्याला सांगितलं, यादीत पहिला यूपीएस लिही. ६०० व्हीएचा म्हणजे ६०० वॉटचा नव्हे हं. साधारण ३६० वॉट मिळतात. 'लाइन इंटरॅक्टिव्ह' आणि एव्हीआर असलेला बघायचा, म्हणजे व्होल्टेज थोडंफार खालीवर झालं तरी बॅटरीवर न जाता तो सांभाळून घेतो. साध्या ऑफिस पीसीला त्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती खेळायला नाहीत, सेव्ह करून नीट बंद करायला आहेत.

दुसरं, अर्थिंग. पीसीच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तुमच्यापैकी किती जणांनी अनुभवलंय? एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी किंचित करंट पत्र्याकडे जातो आणि अर्थिंगच्या तारेने जमिनीत उतरतो. ती तारच नसेल तर तो तुमच्या बोटातून उतरायला बघतो. वस्तीवरच्या घरात तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. वायरमन बोलावला, खड्डा घेतला, पाइप, मीठ, कोळसा टाकून अर्थिंग केलं. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर अर्थिंग नावालाच उरतं. ते काम मामींनी आपण होऊन घेतलंय, तुळशीला पाणी घातलं की खड्ड्याला. हे काम स्वतः करू नका, माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या.

मशीनचं म्हणाल तर नवं जोडायचा विचारच सोडला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ऑफिसांनी जुने डेस्कटॉप काढायला सुरुवात केली. सेकंडहँड बाजारात ते भरपूर दिसतात, आणि मुख्य म्हणजे रॅम आत बसवलेली असते. पण जनरेशन बघा. इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढच्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. सहावी-सातवी स्वस्त मिळते ती याच कारणाने. तशी ती टाकाऊ नाही. घरी आधीच असेल तर विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, किंवा लिनक्स मिंट टाका. लिनक्सवर काउंटर-स्ट्राइक २ आणि माइनक्राफ्ट चालतात, व्हॅलोरंट चालत नाही, कारण त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा फक्त विंडोज ओळखते. विंडोज ११ वर तर तिला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटही चालू लागतं. भावाला व्हॅलोरंट हवंच होतं, म्हणून आठवी जनरेशन.

पुण्यातल्या एका दुकानात आय५ चा डेस्कटॉप ठरवला. बोर्डावर १६ जीबी लिहिलेलं. मी म्हटलं, उघडून दाखवा. आत ८ जीबीची एकच पट्टी. दुकानदार म्हणाला, "साहेब, पट्टी काढून वेगळी विकली तर जास्त पैसे येतात." निदान खरं तरी बोलला. दीड हजार कमी करून साडेपंधरा हजारांत घेतला. जुना २२ इंची मॉनिटर साडेतीन हजार, यूपीएस २,९००, अर्थिंग १,९००, कीबोर्ड-माउस सातशे. एकूण २४,५००. ग्राफिक्स कार्ड यात नाही, आणि घाई करू नको म्हणून बजावलंय. असल्या छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस कमी वॉटचा आणि कंपनीच्या वेगळ्याच मापाचा असतो, म्हणून वेगळी पॉवर केबल न लागणारं, बुटकं कार्डच बसतं. त्यातही सापळे आहेत. जीटी १०३० दोन प्रकारचं येतं, डीडीआर४ वालं खूपच मंद. आरएक्स ६४०० नव्या बोर्डावर बरं चालतं, पण अशा जुन्या बोर्डावर त्याचा जोर कमी होतो. आणि जीटीए ६ ची वाट बघत असाल तर १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर झालेली तारीख पीएस५ आणि एक्सबॉक्सची आहे, पीसीची नाही.

सगळं ठरलं तरी मामींची एक शंका होतीच. "गेम म्हणजे तेच ना, पैसे लावायचं?" गावात एकाने रमीच्या अ‍ॅपवर बैलजोडीचे पैसे घालवले होते, त्यामुळे त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांना ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा सांगितला. पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, ई-स्पोर्ट्सला मात्र त्याच कायद्याने मान्यता दिलीय. व्हॅलोरंटमध्ये बंदुकीचं कातडं विकत घेता येतं, पैसे जिंकता येत नाहीत, हेही सांगितलं. "कातडं?" म्हणाल्या. ते समजावताना माझीच पंचाईत झाली. शेवटी भावाच्या फोनमधलं यूपीआय घरच्यांच्या खात्याशी जोडलेलं नसावं, एवढ्यावर तोड निघाली.

मशीन मी एसटीने मांडीवर घेऊन गेलो. बीडला १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे आहे, पण ती अहिल्यानगरला जाते, पुण्याहून माजलगावला अजून लाल परीच. संध्याकाळी जोडणी झाली, चालू केलं, आणि विंडोजचे अपडेट ५४ टक्क्यांवर असताना थ्री फेज आली. बल्ब काजवा झाला, यूपीएस पिकपिकला, मॉनिटर तसाच. मामा बाहेरून ओरडले, "मोटार चालू कर रे."

ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असल्याने तो रॅममधलाच वाटा खातो, त्यामुळे एका पट्टीवर गेम अडखळतो. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली की फरक पडेल. उरलेले पाचशे रुपये त्याने त्यासाठी बाजूला ठेवलेत आणि रोज सकाळी आधी कापसाचा भाव बघतो, मग रॅमचा.