भेग बुजविण्यापूर्वी

धार असो वा देवास, आणि देवासात थोरली पाती असो वा धाकटी, माती तीच! माळव्याची ही काळी माती पावसाने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यासवे जुन्या वाड्यांचा पायाही हलतो. म्हणून भिंतीला भेग दिसताच थापी हाती घेऊ नये. प्रथम भेगेवर कागदाची आडवी पट्टी खळीने चिकटवून तीवर तारीख लिहावी. वर्षभरात पट्टी फाटली, तर भेग अजून जिवंत आहे असे समजावे व जाणत्या माणसास दाखवावी.

पट्टी शाबूत राहिल्यास काम घरीच होते. भेग खरवडून धूळ झाडावी, पाणी शिंपडावे. विरलेला चुना एक भाग व चाळलेली वाळू तीन भाग कालवून दाबून भरावे आणि आठवडाभर ओल राखावी. चुनकळी मात्र घरी विरवू नये. ती उकळून उडते, डोळ्यांस घातक. सिमेंट सोयीचे खरे, परंतु चुन्याच्या भिंतीत ते ओल कोंडते आणि लगतचा जुना गिलावा सुटू लागतो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. वैशाखाच्या उन्हात तो तडकतो. दिवाळीनंतरचे दिवस या कामास बरे.