उलटा चष्मा सरळ झाला

परवा नातीने ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’चा एक जुना भाग लावला. टप्पूचा चेंडू भिडे मास्तरांच्या खिडकीवर आदळला, काच फुटली आणि मास्तर दात-ओठ खात खाली उतरले. नात म्हणाली, “आजोबा, हे पूर्वी खरेच चिडायचे!” तिच्या त्या ‘खरेच’ने मला विचारात पाडले.

२८ जुलै २००८ रोजी ही मालिका सुरू झाली. तिचे मूळ तारक मेहता यांनी १९७१ पासून ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात लिहिलेल्या सदरात. उलटा चष्मा म्हणजे माणसाकडे त्याच्या उण्या बाजूने, पण मायेने पाहणे. आरंभीच्या भागांत ही नजर होती. दुकानात रुबाब करणारा जेठालाल बापूजींसमोर भिजलेले मांजर होई. भिडे काटकसरी आणि शीघ्रकोपी. आदर्श कोणीच नव्हते, म्हणून विनोद स्वभावातून निघे.

पुढे गोकुळधामची कीर्ती वाढली आणि स्वभावाची जागा संदेशाने घेतली. भांडण रंगण्याआधीच एकोप्याचे व्याख्यान सुरू होई. लहानसा प्रसंग दिवसेंदिवस ताणला जाई. शिवाय काळ कोणासाठी थांबतो? २०१७ मध्ये दयाबेन झालेल्या दिशा वाकानी रजेवर गेल्या, त्याच वर्षी टप्पूच्या भूमिकेतला भव्य गांधी बाहेर पडला. डॉ. हाथी साकारणारे कवी कुमार आझाद २०१८ मध्ये आणि नट्टू काका झालेले घनश्याम नायक २०२१ मध्ये निवर्तले. मालिका मात्र चालूच राहिली.

बँकेत असताना मी पाहिले आहे : जुने कर्ज फिटेना की त्याचे नूतनीकरण होई. कागदावर खाते चोख दिसे, वसुली मात्र शून्य. मालिकेचेही तसेच झाले. पहिल्या काही वर्षांत जमवलेल्या जिव्हाळ्यावर तिने पुढची वर्षे काढली.

पण दोष एकट्या निर्मात्यांचा कसा? चार हजारांहून अधिक भाग पाहिले ते आपणच. आमच्या सोसायटीत आता काच फुटली तर कोणी खाली उतरत नाही. मोबाइलवरच्या गटात छायाचित्र येते, पाठोपाठ भरपाईची सूचना. हक्काने रागवावे इतकी ओळखच उरलेली नाही. म्हणून पडद्यावरचे एकोप्याचे व्याख्यान गोड लागते.

भिडे मास्तर त्या पोरांना नावाने हाका मारून ओरडत. खरा एकोपा होता तो त्या ओरडण्यात.